इंजिनं एकाच घराण्यातली, मग पेट्रोल वेगळं का?

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात इंधनावरची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकाला ढकललेत. निपाणीच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिलीय, कारण ते एक नीट समजलं की बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच येऊन जातात.

प्रश्न : नमस्कार. माझा पुतण्या टेक्सासला एका बांधकामाच्या कंपनीत आहे. त्यांच्याकडं दोन पिकअप ट्रक आहेत, दोन्ही शेव्हर्ले सिल्व्हराडो, दोन्हीत व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बॉनेट उघडलं तर माझ्यासारख्याला फरक पण कळणार नाही. पण ५.३ लिटरवाल्याला साधं ८७ नंबरचं पेट्रोल चालतं आणि ६.२ लिटरवाल्याच्या पुस्तकात प्रीमियम घाला म्हणून लिहिलंय. पुतण्या म्हणतो मोठं इंजिन म्हणून भारी पेट्रोल. मला काय ते पटेना. आणि दुसरं, तिकडं ८७ आणि आपल्या निपाणीत साधं म्हणजे ९१, मग आपलं पेट्रोल त्यांच्यापेक्षा चांगलं का? जरा इस्कटून सांगा की.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे दादा. इंजिन मोठं म्हणून पेट्रोल महागाचं, असा काही हिशोब नसतो. तिकडंच फोर्डचं ७.३ लिटरचं व्ही-८ आहे, सिल्व्हराडोच्या ६.२ पेक्षा चांगलंच मोठं, वजनदार ट्रकात बसवतात, आणि ते साध्या ८७ वर चालतं. तेव्हा लिटर बाजूला ठेवा आणि इंजिन आत हवा-पेट्रोलचं मिश्रण किती दाबतंय, ते किती तापतंय, आणि प्लगनं लावलेली आग शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतोय, एवढ्या तीन गोष्टी बघा.

पेट्रोल इंजिनात काय होतं, पिस्टन वर येताना मिश्रण दाबतो, वर यायच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो, तिथनं आग पेटते आणि ती सिलिंडरभर पसरत जाते. बघताना आपल्याला वाटतं सगळं एकदम फुटतं, पण तसं नाही, आग एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चालत जाते, फक्त फार लवकर जाते. ऊस गेल्यावर रानात पाचट पेटवतात तेव्हा जाळ एका टोकापासनं सरकत जातो ना, तसंच. आता इकडं आग पुढं सरकत असताना अजून न पेटलेलं जे मिश्रण पलीकडच्या कोपऱ्यात उरलेलं असतं त्याच्यावर दाब वाढत जातो, दाब वाढला की ते तापतं, आणि तापून तापून एका क्षणी आग पोचायच्या आतच ते आपलं आपण पेट घेतं, सगळं एकदम. त्याचा दणका सिलिंडरच्या भिंतीवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसतो. बाहेर आपल्याला ऐकू येतं ते टिक टिक, कुणी डबीत खिळे हलवल्यासारखं, त्याला आपले मिस्त्री नॉकिंग म्हणतात. थोडं झालं तर नुसता आवाज, पण लोडवर तासन् तास होत राहिलं तर रिंगा तुटतात, पिस्टनच्या कडा झिजतात, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्याच्याखालचं गॅस्केट जातं.

ऑक्टेन नंबर म्हणजे हे असं स्वतःहून पेट न घेता तग धरायची पेट्रोलची कुवत. ती ताकद नाही, शुद्धता नाही, आणि नंबर मोठा म्हणून त्यात उष्णता जास्त असं पण नाही. नंबर काढायची रीत १९२० च्या दशकातली, आयसो-ऑक्टेन नावाचं द्रव सहजासहजी नॉक होत नाही म्हणून त्याला १०० धरलं, हेप्टेन लगेच नॉक होतं म्हणून त्याला ०, आणि कॉम्प्रेशन कमीजास्त करता येतं अशा एका सिलिंडरच्या खास इंजिनात पेट्रोल चालवून बघायचं की ते कुठल्या मिश्रणासारखं वागतंय. ९१ म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेन मिसळल्यावर जितपत तग धरेल तितपत. एवढाच अर्थ.

आता तुमच्या पुतण्याचे दोन ट्रक घेऊ. ही दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत, दोन्हीत पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली जायचं अंतर, पण सारखाच, ९२ मिलिमीटर. फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या रुंदीत आहे, ५.३ ची बोअर ९६ मिमी आणि ६.२ ची १०३ मिमीच्या थोडी वर. म्हणजे काय झालं, मोठ्या इंजिनात आगीला जास्त लांब चालत जावं लागतं, वाट लांब म्हणजे कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापायला वेळ जास्त, आणि वेळ जास्त म्हणजे नॉकिंगला संधी जास्त. त्यात कंपनीनं ६.२ चं कॉम्प्रेशन ११.५ ला १ ठेवलंय, म्हणजे मिश्रण साडेअकरा पट लहान जागेत दाबतात, आणि ५.३ चं ११ ला १. कागदावर अर्ध्याचाच फरक, पण ११ म्हणजे साध्या पेट्रोलच्या आधीच काठावर आलेलं आहे, तिथनं पुढं सरकायला जागा फार नसते. मोठी बोअर आणि वरून जास्त दाब, दोन्ही एकाच बाजूला ओढतात, म्हणून त्याला प्रीमियम.

मग कॉम्प्रेशन बघितलं की नंबर कळला, असं म्हणाल तर तेवढ्यावर पण थांबता येत नाही. १९९९ च्या सुमाराला याच कंपनीचं जे ५.३ लिटरचं इंजिन आलं त्याचं कॉम्प्रेशन ९.५ ला १ होतं, आताच्याचं ११, आणि दोन्ही साध्यावरच चालतात! मधल्या काळात बदललं काय, तर नव्यात पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारतात. आत गेलेलं पेट्रोल तिथंच उडून जाताना आतली हवा थंड करतं, आणि हवा थंड झाली की तेवढ्याच पेट्रोलवर जास्त दाब झेपतो. चेंबरचा म्हणजे मिश्रण जळतं त्या जागेचा आकार, प्लग मधोमध आहे का एका कुशीला, एक प्लग आहे का दोन, हवा दाबून आत कोंबणारा टर्बो आहे का, व्हॉल्व्ह कधी मिटतो, पाणी किती तापू देतात, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडं पल्सरमध्ये दोन प्लगची सोय आली तिचा एक फायदा हाच, आग दोन ठिकाणी लागली की वाट निम्म्यावर येते.

याच्या उलटं उदाहरण पण सांगतो, ते मला जास्त बोलकं वाटतं. डॉजच्या चॅलेंजर गाडीत आणि रॅमच्या मोठ्या पिकअपमध्ये, दोन्हीत ६.४ लिटरचं हेमी नावाचं इंजिन बसवलं गेलं. लिटर सारखे, नाव सारखं. गाडीतल्याचं कॉम्प्रेशन १०.९, त्याला ९१ नंबरचं प्रीमियम. ट्रकातल्याचं १० वर आणलेलं, त्याला ८९ ची शिफारस आणि ८७ घातलं तरी चालतं. गाडीवाला जोरात पाय दाबतो ते चार-दोन सेकंद, ट्रकवाला मागं अवजड ट्रेलर लावून चढावर अर्धा-अर्धा तास इंजिन पिळतो, आतलं सगळं रसरशीत तापलेलं असतं, अशा वेळी काठावरचं इंजिन नको. आणि आडगावातल्या पंपावर जे मिळेल त्यावर ट्रक चालला पाहिजे. म्हणजे तुमचा पुतण्या म्हणतो त्याच्या बरोब्बर उलटं, कामाच्या ट्रकाला मुद्दाम साधं पेट्रोल चालेल असं इंजिन करून देतात.

आता पुस्तकात काय शब्द आहे तो नीट वाचायला सांगा. शिफारस म्हटलं असेल तर साधं घातलं म्हणून इंजिन लगेच मोडत नाही, कारण ब्लॉकला नॉक सेन्सर बसवलेला असतो, तो दणका ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकायला लागतो. आवाज थांबतो, पण गाडीचा वेग घ्यायचा जोर कमी होतो आणि अॅव्हरेज पण थोडं खाली येतं. सिल्व्हराडोचं ६.२ यातलंच, शिफारसवालं. पण जिथं प्रीमियमच लागेल असं स्पष्ट लिहिलेलं असतं तिथं पैसे वाचवायला जाऊ नये, तिथं ठिणगी मागं घ्यायला तेवढी जागाच ठेवलेली नसते.

राहिलं ८७ आणि ९१. यात चांगलं-वाईट काही नाही, मोजायची पट्टी वेगळी आहे. त्या खास इंजिनात दोन तऱ्हेनं परीक्षा घेतात, एक ६०० आरपीएमवर म्हणजे मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, तिला रिसर्च नंबर म्हणतात, दुसरी ९०० आरपीएमवर आणि मिश्रण चांगलंच तापवून, तिला मोटर नंबर. दुसरी अवघड, म्हणून तिचा आकडा नेहमी खाली येतो. आपल्याकडं रिसर्च नंबर सांगायची पद्धत, अमेरिकेत दोन्हींची सरासरी पंपावर चिकटवतात. आपल्या साध्या पेट्रोलला रिसर्च ९१ आणि मोटर किमान ८१ असं मानक होतं, सरासरी काढा, ८६ येते. म्हणजे त्यांचं ८७ आणि आपलं ९१ जवळपास शेजारी शेजारीच. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यावर आपला आकडा वर गेलाय, त्याचं खाली चिकोडीच्या पत्रात सांगतो.

प्रश्न : माझी पेट्रोलवरची छोटी मालगाडी आहे. बेळगावातनं भाजी भरून गोव्याला नेतो आणि येताना मासळीचे क्रेट असतात. पावसाळ्याआधी गाडी तापली, गॅस्केट गेलं, हेड उतरवून फेसिंग करून घेतलं. तेव्हापासनं चोर्ला घाट चढताना टिकटिक आवाज येवलालाय. भावाची पण तीच गाडी, त्याच वर्षाची, एकाच पंपावर भरतो, त्याच्या गाडीला काही नाही. पंपावरचा पोरगा म्हणाला साधं सोडा, भारी पेट्रोल घाला, आवाज जाईल. घालू का?
– एक मालगाडीवाले, बेळगाव

उत्तर : घातलं तर आवाज बहुतेक जाईल पण, आणि तिथंच फसगत आहे, कारण रोज लिटरमागं जादा पैसे देत तुम्ही दुखणं झाकून ठेवाल. दोन सख्ख्या गाड्यांत एकीलाच आवाज येतोय आणि तो फेसिंगनंतर सुरू झालाय, म्हणजे पहिला संशय फेसिंगवरच घ्यायचा.

हेड तापून वाकलं की मशीन शॉपवाले त्याचा तळ घासून सपाट करतात, आपल्या उद्यमबागेत हे काम करणारे एकापेक्षा एक हात आहेत. पण जेवढं घासलं तेवढी चेंबरची जागा कमी झाली, आणि पिस्टन पहिल्याएवढंच मिश्रण आता लहान जागेत कोंबतोय. आकड्यात बघा. धरून चाला की एका सिलिंडरचे ३०० सीसी आहेत, बोअर ७२ मिमी, कॉम्प्रेशन १० ला १. म्हणजे वर उरणारी जागा साधारण ३३ सीसी. चेंबरचं तोंड बोअरएवढं धरलं आणि अर्धा मिलिमीटर घासला, तर २ सीसी जागा गेली, उरली ३१. आता भागाकार करा, कॉम्प्रेशन १०.६ च्या घरात जातं. वर निपाणीच्या उत्तरात बघितलं ना, अमेरिकेतल्या दोन इंजिनांत नुसता अर्ध्याचा फरक आणि एकाला प्रीमियम लिहावं लागलं. तुमच्या गाडीत अर्ध्या मिलिमीटरनं त्याच्याहून जास्त फरक पडू शकतो. तुमचं आणि भावाचं इंजिन आता सारखं राहिलेलंच नाही, बाहेरनं दिसतं तेवढंच सारखं.

तेव्हा आधी शॉपवाल्याला जाऊन विचारा, किती घासलं. चांगला कारागीर लिहून ठेवतो, नसेल तर हेडची उंची मोजून कंपनीच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून बघता येते, त्यात कमीत कमी किती उंची चालेल ते दिलेलं असतं. मापाच्या आत असेल तर ठीक, खाली गेली असेल तर काही इंजिनांना जाड गॅस्केट मिळतं ते घालायचं, आणि तेही जमत नसेल तर हेड बदलणंच बरं, घाटात पिस्टन फुटण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

त्याच वेळी आणखी थोडं बघून घ्या. हेड काढताना नॉक सेन्सर सैल केला असेल तर तो परत कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कनंच आवळला पाहिजे, अंदाजानं पाना मारून नाही, कारण तो बोल्ट कमीजास्त आवळला की सेन्सरला नीट ऐकू येत नाही, आणि मग इंजिन नॉक होतंय तरी कॉम्प्युटर गप्प. प्लग पुस्तकातल्याच नंबरचा आहे का बघा, जास्त गरम जातीचा बसला असेल तर त्याचं टोकच निखारा होतं. आणि गाडी मुळात तापली कशानं ते सापडलंय का? रेडिएटर अर्धा चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला, फॅन उशिरा लागतोय, यातलं काही तसंच राहिलं असेल तर परत आतलं तापमान वर आणि परत आवाज.

तोवर चढाला गिअर आधी पाडा. टॉप गिअरात कमी आरपीएमवर पाय दाबून ओढत नेलं की कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो, खालच्या गिअरात इंजिन जरा पळत राहिलं की तेवढा वेळच मिळत नाही. काम होईपर्यंत आठवडाभर प्रीमियम घातलंत तर हरकत नाही, तेवढ्यापुरतं ते औषधच आहे.

प्रश्न : आमच्याकडं एकाच कंपनीचे दोन ट्रक आहेत, एक डिझेलचा, एक नवीन सीएनजीचा. मिस्त्री म्हणतो इंजिन एकच आहे, फक्त गॅसचं किट वेगळं. मग डिझेलला ऑक्टेन किती धरायचा आणि गॅसला किती? पंपावर डिझेलच्या मशीनवर तर काही नंबर नसतो.
– ट्रकमालक, खानापूर

उत्तर : मिस्त्रींचं अर्धं बरोबर आहे. ब्लॉक, क्रँक असं पुष्कळ काही एकच असू शकतं, पण वर आत दोन वेगळी इंजिनं आहेत, आणि तुमच्या प्रश्नातली गंमत अशी की या दोघांना इंधनाकडनं एकमेकांच्या अगदी उलटं पाहिजे असतं.

डिझेलला प्लगच नसतो. नुसती हवा १६-१८ पट दाबून एवढी तापवायची की आत डिझेल फवारलं की लगेच आपणहून पेटलं पाहिजे. म्हणजे पेट्रोलमध्ये जो दुर्गुण, आपलं आपण पेट घेणं, तोच इथं गुण. म्हणून डिझेलला ऑक्टेन नाही तर सीटेन नंबर असतो, किती पटकन पेटतं ते मोजणारा, बीएस-६ या प्रदूषणाच्या मानकातल्या डिझेलला तो किमान ५१. पंपावर त्याची वेगवेगळी प्रत सहसा नसते म्हणून लिहीत नाहीत, मानकात आहे. आणि दोन्हींचा आवाज पण वेगळ्या कारणानं येतो बघा, पेट्रोलचं नॉकिंग जळण्याच्या शेवटी होतं, कोपऱ्यात उरलेलं अवेळी पेटलं म्हणून, आणि डिझेलची ती खडखड सुरुवातीलाच, फवारलेलं पेटायला उशीर झाला, तेवढ्यात आणखी साठलं आणि मग एकदम पेटलं म्हणून. सकाळी गार इंजिन सुरू करताना आवाज जास्त येतो तो यामुळंच.

सीएनजीच्या ट्रकात डिझेलचा इंजेक्टर जिथं असायचा तिथं स्पार्क प्लग येतो, पिस्टनच्या डोक्याला मोठी वाटी पाडून कॉम्प्रेशन ११-१२ च्या आसपास खाली आणतात. गॅसचा ऑक्टेन १२० च्या वर जातो, तग धरायला पेट्रोलपेक्षा फार वरचढ, तरी सुद्धा डिझेलएवढं दाबून चालत नाही, कारण इथं वेळ आली की प्लगनंच पेटवायचं असतं, त्याच्या आधी पेटलेलं चालत नाही. म्हणून सांगतो, डिझेलच्या ट्रकाला कुणी बाहेरच्या बाहेर नुसतं किट बसवून देतो म्हणाला तर आधी पिस्टनचं आणि हेडचं काय करणार ते विचारा, त्याचं नीट उत्तर आलं नाही तर गाडी तशीच परत आणा.

प्रश्न : आमच्याच उसाचं इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातंय याचा आम्हाला आनंद आहे. पण इथेनॉलनं पेट्रोलचा नंबर वाढतो म्हणतात आणि माझ्या जुन्या गाडीचं अॅव्हरेज कमी झालंय. नंबर वाढला तर अॅव्हरेज वाढायला पाहिजे ना?
– ऊस उत्पादक, चिकोडी

उत्तर : आनंद रास्त आहे तुमचा. उगार, संकेश्वर, मुनवळ्ळी हा आपला सगळा पट्टा उसावर उभा आहे आणि कारखान्याला साखरेशिवाय दुसरं गिऱ्हाईक मिळालं की ऊसवाल्याच्या बिलाला आधार मिळतो. पण नंबर आणि अॅव्हरेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत त्या एकत्र कालवल्या जातात याची मला चीड येते.

इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, आणि ते उडताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणजे सिलिंडर आतनं गार ठेवतं. त्यामुळं बीएस-२ च्या वेळी आपलं साधं पेट्रोल ८८ चं होतं, पुढं ९१ झालं, आणि २० टक्के इथेनॉलवाल्या ई२० ला ९५ पर्यंत गेलंय. हे सगळं खरं. पण एक लिटर इथेनॉल जाळलं तर उष्णता मिळते पेट्रोलच्या दोन तृतीयांश. लिटरमध्ये पाचवा भाग इथेनॉल घातलं आणि त्यातली तिसरा हिस्सा उष्णता कमी, तर एकूण सहा-सात टक्के उष्णता कमी झाली. ती काही जादूनं भरून येत नाही.

भरून काढायची एकच वाट, जास्त नंबर वापरून घेणारं इंजिन, म्हणजे जास्त कॉम्प्रेशनचं, ठिणगी लवकर टाकणारं. नव्या गाड्यांत थोडंफार तसं करतात, म्हणून नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात पण मुळात बिनइथेनॉलसाठी केलेल्या चारचाकीला ६-७ टक्के घट आणि १० टक्क्यांसाठी घडवून २० ला जुळवलेल्या गाडीला १-२ टक्केच घट, असा अंदाज दिलाय. तुमच्या जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन ९१ साठी, कदाचित ८८ साठी ठरवलेलं, तिला वरचे चार नंबर मिळाले तरी ती ते वापरणार कशी? आणि एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या, वॉशर, सील वर्षातनं एकदा हात लावून बघा, फुगलेत, चिकट झालेत, चिरा गेल्यात का. तेवढं केलं तर काळजी नको.

प्रश्न : माझी १०० सीसीची बाईक आहे. मित्र १०० नंबरचं पेट्रोल घालायला सांगतो, म्हणतो १०० ला १०० जुळतं.
– कॉलेज विद्यार्थी, गोकाक

उत्तर : सीसी म्हणजे सिलिंडरची जागा, ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची तग, त्यांचं काही जुळत नाही रे. ते पेट्रोल साध्याच्या जवळजवळ दीडपट भावाचं, जास्त कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बोच्या महागड्या गाड्यांसाठी काढलेलं. तुझ्या बाईकला त्यातला एकही जादा नंबर उपयोगी पडणार नाही. ते पैसे वेळेवर ऑईल बदलायला, एअर फिल्टरला आणि चेनला घाल, फरक तुला महिन्यात दिसेल.

प्रश्न : अमेरिकेत डोंगराळ भागात ८५ नंबरचं पण पेट्रोल विकतात असं वाचलं. आपलं बेळगाव पण उंचावर आहे, मग आपल्याला कमी नंबर चालेल का? आणि गोव्यात उतरल्यावर जास्त लागतो का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : वाचलंय ते खरं आहे. उंचावर हवा विरळ, सिलिंडरमध्ये हवा कमी जाते, दाब कमी, म्हणून नॉकिंग कमी. डेन्व्हर १६०० मीटरवर आहे, तिकडं ८५ मिळतं, त्यांच्या पट्टीनं. ती पद्धत जुन्या कार्बोरेटरच्या काळातली, आताचं इंजिन कॉम्प्युटरवर चालतं, टर्बो असेल तर तो हवेची तूट भरून काढतो, आणि म्हणून तिथं सुद्धा बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात ८५ घालू नका असंच लिहिलेलं असतं. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा ८-९ टक्के कमी. थोडा फायदा होतो, पण त्याच्या भरवशावर पुस्तकातल्यापेक्षा खालच्या नंबरचं इंधन घालावं एवढा नाही, आणि आपल्याकडं तसलं विकत पण नाहीत.

गोव्याचं म्हणाल तर हो, खाली हवा दाट आणि गरम, त्यामुळं काठावरचं इंजिन असेल तर अनमोडच्या किंवा चोर्ल्याच्या पायथ्याला भरल्या गाडीनं चढ सुरू करताना आवाज जास्त येतो, आणि वर खानापूरच्या बाजूला पोचेपर्यंत कमी झालेला असतो. वर आल्यावर आवाज थांबला म्हणून मिस्त्रीकडं जायचं टाळू नका, त्याला घेऊन जायचं असेल तर पायथ्यापासनंच बसवून आणा.